पद्मिनीचा पेट्रोलचा काटा: टाकीचं युनिट नावाने नाही, मापाने शोधा

प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोलचा काटा बंद पडला की बहुतेक जण थेट स्पेअर पार्टचं दुकान गाठतात आणि ‘पद्मिनीचं टाकीचं युनिट आहे का?’ असं विचारतात. युनिट म्हणजे टाकीत किती पेट्रोल आहे ते काट्याला कळवणारा टाकीतला भाग. उत्तर दोन प्रकारचं मिळतं. एक तर ‘तो माल आता येत नाही.’ नाहीतर काउंटरखालून धुळीचा एक खोका निघतो आणि ‘हेच लागतं, डोळे झाकून घेऊन जा’ असं सांगितलं जातं. यातलं दुसरं उत्तर जास्त महागात पडतं. ते युनिट टाकीच्या भोकात बसतं, स्क्रू लागतात, पॅकिंग बसतं, आणि काटा मात्र अर्ध्या टाकीला पाव दाखवत राहतो.

मी मिरजेत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आमच्या घरची १९८७ ची पद्मिनी अजून रोज रस्त्यावर असते, आणि सांगली-कोल्हापूरकडचे जुन्या गाड्या सांभाळणारे बरेच जण आपापली युनिटं मोजायला माझ्याकडे घेऊन येतात. त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगते. गाडीचं नाव सांगून युनिट शोधू नका, ओहम (विजेच्या रोधाचं माप) आणि मिलिमीटर सांगून शोधा. नावाने शोधलं तर दुकानदार जे काढून देईल ते घ्यावं लागतं. मापं हातात असली तर भलत्याच गाडीचं, अगदी जनरेटरच्या टाकीचं युनिटसुद्धा तुमच्या कामाला येऊ शकतं.

नावावर भरवसा का ठेवू नये, त्यालाही कारण आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फिएट ११०० डिलाइट’ निघू लागली. मग ‘प्रेसिडेंट’ आली, १९७४ ला ‘पद्मिनी’ हे नाव आलं, आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. इतक्या वर्षांत डॅशबोर्ड बदलले, मीटर पुरवणारे बदलले, बाजारात लोकल बनावटीचा माल आला. शिवाय मधल्या मालकांनी आणि मिस्त्रींनी आपापल्या परीने जुगाड केलेले असतात ते वेगळेच. माझ्या टेबलावर वेगवेगळ्या बनावटीची पद्मिनीची म्हणून विकलेली युनिटं आली आहेत आणि दोन बनावटींचे आकडे तंतोतंत जुळलेले मी पाहिलेले नाहीत. त्यात दुकानदाराच्या तोंडी सगळ्याच ‘फिएट’ असतात. १९८५ ला आलेली ११८ एनई ही फिएट १२४ च्या सांगाड्यावरची गाडी, तिचा पद्मिनीच्या टाकीशी काही संबंध नाही, तरी तिचं युनिट ‘फिएटचंच आहे’ म्हणून पुढे केलं जातं.

आधी खात्री करा: दोष युनिटाचाच आहे का

युनिट म्हणजे फार काही गूढ वस्तू नाही. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेली तारेची दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पत्ती. ही पत्ती बारीक रेझिस्टन्स तारेच्या गुंडाळीवरून सरकते. पेट्रोल वर-खाली झालं की तारेतला रोध (रेझिस्टन्स) बदलतो, तसा करंट बदलतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. करंटचा परतीचा रस्ता युनिटाच्या पत्र्याच्या चकतीतून, टाकीतून, गाडीच्या बॉडीत जातो. म्हणजे अर्थिंग गेलं तर युनिट कितीही चांगलं असो, काटा हलणार नाही. जुन्या गाडीत पहिला संशय नेहमी या अर्थिंगवर घ्यायचा.

डिकी रिकामी करा आणि युनिटापर्यंत पोचा. इग्निशन बंद ठेवून चकतीवरच्या एका स्क्रूपासून बॉडीच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत एक जाड वायर जोडा. मग इग्निशन चालू करा. काटा जिवंत झाला तर तुमचं काम तिथेच संपलं. ती वायर कायमची, टोकांना नीट लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावून बसवा आणि खर्च वाचवा.

काटा हलला नाही तर पुढची चाचणी. पुन्हा इग्निशन बंद. युनिटावरची काट्याची वायर काढा आणि टाकीपासून लांब, बॉडीला जोडून ठेवा. आता घरातल्या कुणाला तरी आत बसवून इग्निशन चालू करायला सांगा. काटा एका टोकाला जायला हवा, बहुतेक जुन्या गाड्यांत ‘भरलेली’च्या टोकाला. तिथे गेला की लगेच बंद करा. मग वायर मोकळी ठेवून परत चालू करा, काटा दुसऱ्या टोकाला यायला हवा. दोन्ही टोकं मिळाली तर मीटर आणि वायरिंग ठीक आहे, दोष युनिटात आहे. काटा जागचा हललाच नाही तर आधी फ्यूज, वायर आणि मीटर बघा. वायर जोडणं-काढणं नेहमी इग्निशन बंद असतानाच करायचं. टाकीजवळ बारीकशी ठिणगीही पडता कामा नये.

जुन्या फिएट घराण्यातल्या बऱ्याच युनिटांवर दोन टर्मिनल असतात: ‘टी’ काट्याचं आणि ‘डब्ल्यू’ रिझर्व्हच्या लाल दिव्याचं. या दोन वायरी उलट लागल्या तर काटा वेडंवाकडं दाखवतो आणि युनिट फुकट बदनाम होतं. वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या गाड्यांसाठी एक जोड. त्यात बऱ्याचदा पेट्रोल आणि टेंपरेचर या दोन्ही काट्यांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर सुमारे १० व्होल्ट पुरवतो. दोन्ही काटे एकदम चुकीचं दाखवू लागले तर टाकी उघडायच्या आधी तो तपासा.

काट्याला काय हवंय ते काट्यालाच विचारा

मूळ युनिट गंजून पार संपलेलं असतं किंवा कुणीतरी आधीच भलतं युनिट बसवलेलं असतं. मग त्याचे ओहम मोजून काय उपयोग? अशा वेळी खरं माप सांगतो तो डॅशबोर्डवरचा काटा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळा घोळ इथेच होतो, म्हणून सविस्तर सांगते.

५०० ओहमचा वायरवाउंड (तारेच्या गुंडाळीचा) पोटेन्शिओमीटर, म्हणजे बटण फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा भाग घ्या, दोन-तीन वॉटचा तरी हवा. रेडिओच्या आवाजाच्या बटणातला कार्बनचा चालणार नाही, तापून जळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सहज मिळतात, आणि गावोगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही मागवून देतात. त्याच्याबरोबर १० ओहमचा, ५ वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडा. बटण चुकून शून्यावर गेलं तरी मीटरला इजा होत नाही.

आता युनिटाची वायर काढून तिथे या जोडणीचं एक टोक लावा, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू करा, आणि बटण फिरवत काटा बरोबर ‘रिकामी’च्या रेघेवर आणा. इथे घाई नको. बरेच जुने काटे आतल्या पट्टीच्या तापण्यावर चालतात, ते हळूहळू सरकतात. मिनिटभर थांबा, काटा स्थिर झाला की इग्निशन बंद करा, जोडणी सोडवा आणि मल्टिमीटरने (ओहम मोजायच्या छोट्या मीटरने) तिचा एकूण रोध मोजा. तो आकडा वहीत. तसंच पाव, अर्धी, पाऊण आणि भरलेली. असे पाच आकडे मिळाले की तुमच्या काट्याची पत्रिका तयार झाली. इथून पुढे कुठलाही दुकानदार काहीही म्हणो, तुम्हाला माहीत असतं की तुम्हाला काय हवंय.

टोकाच्या दोन आकड्यांवरून युनिट कुठल्या घराण्यातलं हवं तेही कळतं. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. युरोपीय व्हीडीओ (मीटर बनवणारी कंपनी) पद्धतीत बरोबर उलट: रिकामीला १०, भरलेलीला १८०. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामीला ०, भरलेलीला ९०. जुन्या फोर्डमध्ये रिकामीला ७३, भरलेलीला १०. जपानी घराण्यात रिकामीला साधारण ११० च्या आसपास आणि भरलेलीला ३ च्या आसपास. तुमचा आकडा यातल्या एखाद्याच्या जवळपास असेल तर बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण युनिटांचा मोठा साठा तुमच्यासाठी उघडतो.

दिशा मात्र जुळलीच पाहिजे. पेट्रोल वाढलं की रोध कमी होणारं युनिट हवं की वाढणारं, हे आधी बघा. आकडे थोडे इकडेतिकडे असतील तर रेझिस्टर लावून जुळवता येतात. दिशा उलटी असेल तर कुठल्याही रेझिस्टरने सरळ होत नाही, ते युनिट सोडून द्या.

टाकीची मापं

टाकी उघडायची तयारी ही या कामातली सगळ्यात गांभीर्याने घ्यायची गोष्ट. गाडी उघड्यावर, गॅरेजच्या बाहेर लावा. पेट्रोल शक्य तितकं कमी झालेलं असू द्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते आणि लांबवर पसरते, त्यामुळे जवळपास गॅस, देवघरातला दिवा, विडी-सिगारेट, एक्स्टेंशनचा बल्ब काहीही नको. अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली हाताशी ठेवा. चकतीभोवतीची धूळ आधी ब्रशने साफ करा, नाहीतर उघडताना सगळी टाकीत पडते. चकती कुठल्या दिशेने बसली आहे त्याची खूण टाकीवर आणि चकतीवर मार्करने करा. युनिट बाहेर काढताना दांडी तिरकी करत हळू काढा, आणि निघालं की भोक लगेच झाकून टाका.

आता चार गोष्टी मोजा. चकतीचा बाहेरचा व्यास. स्क्रूच्या भोकांची संख्या आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. भोकं सारख्या अंतरावर नसतील तर चकती पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने सगळी भोकं उतरवून घ्या. मोठ्या भोकाचा व्यास, म्हणजे फ्लोट आत जाईल की नाही ते कळतं. आणि टाकीची आतली खोली, जी लाकडी पट्टीने मोजावी.

बाजारातल्या सार्वत्रिक युनिटांची दांडी कापून-वाकवून लांबी जुळवायची असते. दांडी मध्यापासून ४५ अंश वर आणि ४५ अंश खाली फिरते असं धरलं तर तिची लांबी टाकीच्या खोलीच्या सुमारे ०.७ पट हवी, आणि दांडी फिरते तो खिळा टाकीच्या बरोबर मध्यावर यायला हवा. म्हणजे टाकी २० सेंटीमीटर खोल असेल तर दांडी साधारण १४ सेंटीमीटर आणि खिळा चकतीपासून १० सेंटीमीटर खाली. जुनं युनिट शाबूत असेल तर त्याची दांडी दोन्ही टोकांना धरून तिचाही पुठ्ठ्यावर नकाशा काढा. हा पुठ्ठा आणि वहीतले पाच आकडे, एवढं घेऊन बाजारात जायचं.

कुठे शोधायचं

पहिला दरवाजा ठोठवायचा तो गावातल्या मीटरवाल्याचा. स्पीडोमीटर दुरुस्त करणारं एखादं जुनं दुकान प्रत्येक शहरात असतं. या लोकांकडे वर्षानुवर्षांची काढलेली युनिटं डब्यात पडलेली असतात, रेझिस्टन्स तार असते, आणि मुख्य म्हणजे ओहमची भाषा त्यांना समजते. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला बहुतेक वेळा समजत नाही.

मग मोठे बाजार. पुण्यात नाना पेठ. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही चक्कर मारायला हरकत नाही, पण तिथे मिळालेलं युनिट जागेवर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर नव्या आणि जुन्या साठ्याच्या मालासाठी, कुर्ल्याचा सीएसटी रोड मोडीत निघालेल्या गाड्यांच्या मालासाठी. मुंबईच्या टॅक्स्यांमुळे पद्मिनीच्या मालाला कायम गिऱ्हाईक होतं. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली आणि आता दुकानदार हा माल नव्याने भरत नाहीत. म्हणून जे पडून आहे ते संपायच्या आत बघून ठेवावं. राज्याबाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, बंगळुरूचा जे. सी. रोड, कोलकात्याचा मल्लिक बाजार ही ठिकाणं. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्याच्या हाती पुठ्ठ्याचा नकाशा द्या. इटलीत फिएट ११०० चे शौकीन भरपूर आहेत आणि तिच्यासाठी नव्याने बनवलेले सुटे भाग तिथे मिळतात. डिलाइटच्या काळातल्या गाडीसाठी तो रस्ता धरता येतो, पण कस्टम ड्यूटी आणि पोस्टाचा खर्च धरून हिशेब करा, आणि मागवण्याआधी मापं लिहूनच विचारा.

फोनवर कसं विचारायचं, हेही सांगते. माझं बोलणं साधारण असं असतं:

‘दादा, टाकीचं युनिट हवंय. चकतीचा व्यास आणि भोकांचं माप व्हॉट्सअॅपवर पाठवलंय.’

‘गाडी कुठली, मॅडम?’

‘गाडी पद्मिनी, पण कुठल्याही गाडीचं चालेल. भरलेली टाकी असताना रोध कमी व्हायला हवा. तुमच्याकडे जी असतील ती पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, एक समोरून, एक बाजूने, एक टर्मिनलचा.’

‘मोजायला मीटर नाहीये आमच्याकडे.’

‘हरकत नाही, मी येऊन मोजते. एक बाजूला काढून ठेवा.’

गाडीचं नाव दुय्यम केलं की दुकानदारही मोकळा होतो, आणि मग त्या डब्यातल्या अशा वस्तू बाहेर येतात ज्या त्याने पद्मिनीच्या म्हणून कधी दाखवल्याच नसत्या. ‘फ्लोट’, ‘टँक युनिट’, ‘गेज युनिट’, ‘सेंडर’ ही सगळी नावं बाजारात चालतात. ऑनलाइन शोधताना चारही टाकून बघा.

काउंटरवर काय तपासायचं

मल्टिमीटर खिशात घेऊनच जा. एक टोक चकतीला, दुसरं काट्याच्या टर्मिनलला. दांडी अगदी सावकाश खालून वर न्या. आकडा सरकत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली, किंवा क्षणभर का होईना रोध अनंत दाखवला, तर त्या जागी तार तुटलेली किंवा झिजलेली आहे. अशा युनिटावर अर्ध्या टाकीच्या जवळ काटा नाचत राहतो. दोन्ही टोकांचे आणि मधला आकडा वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.

फ्लोट कानाजवळ धरून हलवा. जुन्या पितळी फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं असेल तर डुचमळल्याचा आवाज येतो. असा फ्लोट बुडून तळाशी बसतो आणि काटा कायम रिकामी दाखवतो. कॉर्कचा फ्लोट असेल तर मी तो घेत नाही. त्यावर शेलॅकचा (लाखेचा) थर असायचा, शेलॅक इथेनॉलमध्ये विरघळतो, आणि आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. थर गेला की कॉर्क पेट्रोल पितो आणि जड होतो. फ्लोट बदलून घ्यायचा तर पितळी किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला घ्या. थर्माकोलचा तुकडा चुकूनही लावू नका, पेट्रोलमध्ये तो विरघळून टाकीत चिकट गाळ होतो.

गाडी दुकानापर्यंत नेता आली तर आणखी चांगलं. टाकीचं भोक झाकून, टाकीपासून लांब, नवं युनिट लांब वायरने काट्याला जोडा, चकती दुसऱ्या वायरने बॉडीला, आणि दांडी हाताने हलवून काटा बघा. जुना न वापरलेला माल असला तरी ही तपासणी करा. खोक्यात पडून पडूनही पत्तीवर हिरवा गंज चढतो. आणि ‘नाही जुळलं तर परत घेणार’ हे बिलावर लिहून घ्या.

आकडे जवळपास आहेत, पण जुळत नाहीत

असं बऱ्याचदा होतं आणि त्याला उपाय आहे. समजा तुमच्या काट्याला रिकामीसाठी २४० ओहम हवेत आणि मिळालेलं युनिट रिकामीला ३२० देतं, भरलेलीला ३०. युनिटाला समांतर, म्हणजे एक टोक काट्याच्या वायरला आणि दुसरं बॉडीला, असा १००० ओहमचा रेझिस्टर जोडला तर रिकामीचा एकूण रोध ३२० गुणिले १००० भागिले १३२०, म्हणजे २४२ होतो. भरलेलीचा ३० चा २९ होतो. म्हणजे वरचं टोक जिथल्या तिथे राहिलं आणि खालचं जुळलं. उलट, सगळेच आकडे ठरावीक फरकाने कमी पडत असतील तर तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. हे रेझिस्टर टाकीजवळ नाही, डॅशबोर्डमागे बसवायचे, आणि निदान २ वॉटचे घ्यायचे. मधले आकडे थोडे हलतात, तेही हिशेब करून बघा. मला स्वतःला अर्ध्याची खूण किंचित चुकलेली चालते, रिकामीची नाही. रात्री मिरज-पंढरपूर रस्त्यावर काट्याच्या त्या खालच्या टोकावरच भरवसा ठेवायचा असतो.

चकती जुळत नसेल तर टर्नरकडून अॅडॉप्टरची गोल प्लेट करून घेता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पुठ्ठ्याचा नकाशा दाखवला की हे काम होऊन जातं. प्लेट टाकीला स्क्रूनेच बसवायची. टाकीवर वेल्डिंग किंवा ब्रेझिंग कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

आणि काहीच मिळालं नाही तर? मग जुनंच युनिट मीटरवाल्याकडे द्या. चकती, दांडी, कमान शाबूत असेल तर तो आतली गुंडाळी नव्या तारेने गुंडाळून देतो. त्याला तुमचे पाच आकडे द्या, नुसतं ‘पद्मिनीचं आहे’ म्हणून सोडू नका. खरं सांगायचं तर माझी पहिली पसंती यालाच असते, कारण मूळ दांडी आणि मूळ चकती तुमच्या टाकीत बसतातच, जुळवाजुळव लागत नाही. नुसती पत्ती काळी पडली असेल तर काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ होते. त्या बारीक तारेवर पॉलिश पेपर घासू नका. पितळी फ्लोटला भोक असेल तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा, आतलं पेट्रोल पूर्ण बाहेर काढून तो कित्येक दिवस उघड्यावर सुकवा, आणि मगच डाग द्यायला द्या. आत वाफ राहिली तर डाग देताना तो फुटतो.

बसवताना

पॅकिंग नवंच वापरा, कॉर्कचं नको, व्हिटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या शीटमधून कापून घ्या. आपले मिस्त्री पॅकिंगला शेलॅक लावतात, ती जुनी सवय आहे आणि साध्या पेट्रोलच्या काळात ती बरोबरच होती. आता इथेनॉलमुळे तो शेलॅक धुऊन जातो आणि डिकीत वास येऊ लागतो. साधा सिलिकॉनही पेट्रोलमध्ये फुगतो. पेट्रोलला टिकणारं सीलंट मागून घ्या, पातळ थर लावा आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर चकती वाकते. अर्थिंगची वेगळी वायर मात्र न विसरता लावा, नव्या पॅकिंगमुळे आणि सीलंटमुळे चकती आणि टाकी यांच्यातला संपर्क पूर्वीपेक्षा कमीच झालेला असतो.

बॅटरी जोडायच्या आधी डिकी बराच वेळ उघडी ठेवून वाफ जाऊ द्या. मग गाडी पंपावर न्या आणि सपाट जागी ५-५ लिटर भरत काटा कुठे येतो ते लिहा. पद्मिनीची टाकी साधारण ३८ लिटरची आहे, त्यामुळे सात-आठ नोंदींत पूर्ण चित्र मिळतं. पंपावर गर्दी असेल तर हे काम आठवड्याभरात तुकड्या-तुकड्याने केलं तरी चालतं. काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर युनिट परत काढून दांडी अशी वाकवा की फ्लोट थोडा वर जाईल. कमी दाखवत असेल तर उलट. वाकवताना दोन पकडी वापरा, एकीने खिळ्याकडची बाजू घट्ट धरा, नाहीतर सगळा ताण त्या छोट्या पत्तीवर येतो.

टाकी पूर्ण भरून एक रात्र गाडी उभी ठेवा आणि सकाळी चकतीच्या कडेवरून कोरडा कागद फिरवा. ओला झाला नाही तर डिकीचं मॅट परत अंथरा. काढलेलं जुनं युनिट, मेलेलं असलं तरी, मापांच्या चिठ्ठीसह पिशवीत बांधून ठेवा. पुढच्या पद्मिनीवाल्याला त्यातली दांडी किंवा चकती लागेल.